गोळीवरचं नाव

आमच्या गल्लीत शालिकभाऊंच्या डाव्या बाजूने चालायची रीत आहे. ही रीत कोणी घालून दिली नाही. त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही, म्हणून मोटरसायकल असो, गाय असो, ती त्या बाजूने अंगावर आली की त्यांना कळत नाही. सोबतचा माणूस आपोआप डावीकडे होतो. मी सावरगावची मुलगी, लग्न होऊन पांढुर्ण्यात या गल्लीत आले. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला खिडकीतून दाखवलं होतं, "तो शालिकराम. त्याच्यासंगं कधी जावं लागलं तर डावीकडून चालजो."

मी रोज सकाळी पूजा झाली की वहीत चार ओळी लिहिते. वर श्री, मग तिथी, मग काल काय झालं ते. गेल्या दोन महिन्यांत त्या चार ओळींत शालिकभाऊंचंच नाव जास्त येऊन राहिलं, म्हणून वाटलं की सगळं एका जागी नीट लिहून ठेवावं.

शालिकभाऊ सुतारकाम करणाऱ्याचे पुत्र. त्यांचे वडील तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान लेकरं ते नंदी सजवून घरोघर नेतात. शालिकभाऊ वयाच्या बाराव्या वर्षापासून नंदीचे कान कोरायचे, आणि ते कान हललेसे वाटायचे असं जुनी माणसं सांगतात. तसा एक नंदी माझ्या सासूबाईंच्या देवघरात अजून आहे. मी त्याला रोज हळदकुंकू लावते.

तान्हा पोळा ज्या दिवशी, त्याच दिवशी गोटमार. जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. झेंडा तोडायला दिवसभर दोन्हीकडून दगड चालतात. संध्याकाळी झेंडा चंडीमातेला चढतो, आणि सकाळी ज्याच्या दिशेने दगड मारला त्याच्या घरी लोक दुसऱ्या दिवशी चहाला जातात, कारण सोयरिकी दोन्ही काठांना आहेत. ज्याला लागलं तो दगड कोणाचा हे विचारत नाही, आणि ज्याने मारला तो सांगत नाही. हे असंच चालत आलं.

शालिकभाऊंना लागलं तेव्हा ते वीस वर्षांचे होते. डोळा गेला. नागपूरला नेलं, पण काही उपयोग झाला नाही. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी ते पुन्हा नंदी कोरायला बसले. तेव्हा त्यांना कळलं की एका डोळ्याने वस्तू दिसते, पण ती किती जवळ आहे ते कळत नाही. कोरायची पटाशी नंदीच्या कानावर ठेवली असं वाटलं आणि ती अंगठ्यावर बसली. डाव्या अंगठ्याचं टोक गेलं. वडिलांनी हत्यारं गुंडाळून माळ्यावर टाकली.

मग त्यांनी खेळण्यांचं दुकान टाकलं. आधी भोवरे, फुगे, प्लास्टिकच्या बाहुल्या. अलीकडे सात-आठ वर्षांपासून फोमच्या गोळ्यांच्या बंदुका. बोटाएवढी मऊ गोळी, पुढे रबराचं टोक, आणि खटका दाबला की फट् करून उडते. पहिल्यांदा माल आला तेव्हा शालिकभाऊंची बायको सुमनबाई म्हणाल्या, "लोकं सोडतात ते तुम्ही आणता. आपल्या घरात नेम धरून मारायचीच वस्तू पाहिजे होती का?"

"मी नाही आणली तर चौकातला दुकानदार आणते," शालिकभाऊ म्हणाले. "तो पाहून आणते का?"

पाहून म्हणजे काय, ते मला त्याच आठवड्यात कळलं. माझ्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, पापड आहेत का? मुगाचे. भाजून द्या, पाच-सहा."

"जेवायला बसता का, भाऊ?"

"बंदुकीले खाऊ घालतो."

दुकानाच्या मागच्या अंगणात दोरी बांधलेली होती. कपड्यांच्या चिमट्यात त्यांनी हलक्या हाताने पापड लटकवला. मग पापडापासून पावलं मोजत मागे गेले, कारण अंतर त्यांना डोळ्याने कळत नाही, पायाने कळतं. दोन पावलांवरून पापड शाबूत राहिला तर ती बंदूक पाच वर्षांच्या लेकराची. दोनवर फुटला पण पाचवर राहिला, तर आठ वर्षांच्या वरची. आठ पावलांवरून फुटला तर ती बंदूक खोक्यात परत. मी म्हटलं, कच्चा पापड चालेल का, भाजायचा त्रास वाचेल. तर म्हणाले, "कच्चा लवते, फुटत नाही. डोळा फुटते, वहिनी."

खोक्यावर काय लिहिलं आहे ते ते वाचत नसत. गोळी चिमटीत धरायची, अर्ध्या अंगठ्याने टोक दाबायचं. रबराच्या आत गाठीसारखं कडक लागलं की गोळी बाजूला. चिकटणाऱ्या टोकाची गोळी त्यांना आवडायची, ती हवेतच मंद होते म्हणायचे. आणि प्रत्येक बंदुकीसोबत प्लास्टिकचे दोन चष्मे द्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, एकच पुरे. हे म्हणायचे, "मारणाऱ्याले एक, खाणाऱ्याले एक. दोघंही लेकरंच आहेत."

आमच्या गल्लीतली मुलं नालीच्या दोन्ही बाजूंना उभी राहून त्या बंदुकांनी गोटमार खेळायची. मध्ये जुना खराटा उभा करायचा, तोच झेंडा. फोमच्या गोळीला ती गोटा म्हणायची. दुकानात येऊन कोणी म्हणालं, "शालिकबाबा, दहा गोटे द्या," तर शालिकभाऊ हात मागे घ्यायचे. "गोळी म्हण. मग देतो."

एक दिवस खेळता खेळता समोरच्या घरच्या अश्विनीच्या पापणीला गोळी लागली. चष्मा तिने कपाळावर चढवला होता. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत बरी झाली. पण त्या दिवशी शालिकभाऊंनी खेळणारी बाराही लेकरं ओट्यावर उभी केली आणि विचारलं, "कोणाची गोळी?"

बारा लेकरं बारा ठिकाणी पाहून राहिली. गोळ्या सगळ्यांच्या निळ्याच.

शालिकभाऊ रागावले नाहीत. बराच वेळ ती निळी गोळी हातात घेऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दुकानातून बिननावाची गोळी गेली नाही. बंदूक घेतली की काळ्या मार्करने प्रत्येक गोळीवर त्या लेकराचं नाव लिहायचे. बारा गोळ्या, बारा वेळा नाव. गर्दी असली तरी, गिऱ्हाईक बसची घाई करून राहिलं तरी. सौंसरहून लोक यायचे, त्यांना हे नवल वाटायचं. मुलांना मात्र ते फार आवडलं. शाळेत ज्याच्या गोळीवर नाव, त्याची गोळी शालिकबाबाची. त्यानंतर गल्लीत भांडण झालं की गोळी उचलून नाव वाचायचं, ज्याचं नाव त्याने जाऊन विचारायचं, लागलं का. एवढंच.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

माझा मोठा भाऊ श्रावणदादा सावरगावला असतो. थोडी संत्र्याची बाग आहे. माझं लग्न या गल्लीत ठरलं, तेव्हा तो मला बागेत घेऊन गेला आणि म्हणाला, "यमुने, त्या गल्लीत मी येणार नाही. शालिकरामचा डोळा माझ्या दगडाने गेला. पिवळा सदरा होता त्याचा. मी मारला आणि तो तिथंच खाली बसला." मग मला जामसांवलीला नेलं आणि मारुतीरायापुढे शपथ घ्यायला लावली की हे मी कोणाला सांगणार नाही. मी एकोणीस वर्षांची होते. घेतली.

त्या शपथेने काय केलं ते पुढे कळलं. भाऊबीजेला तो कधी माझ्याकडे आला नाही, मीच जायची. लोक म्हणायचे, सावरगाववाल्याची ऐट आहे. आणि मी इकडे शालिकभाऊंच्या डावीकडून चालायची. जामसांवलीला दर वर्षी गेले. पुजारी विचारायचे, काय मागितलं. काय सांगणार.

या वर्षी श्रावणदादाची नात केतकी नऊ वर्षांची झाली. तिला शालिकबाबाच्या नावाच्या गोळ्यांची बंदूक पाहिजे होती. चौकातली आणून दिली तर तिने खोकंसुद्धा उघडलं नाही. आई-वडील दोघं नोकरीला छिंदवाड्याला, पोर आजोबाजवळ. पोळ्याच्या आठ दिवस आधी दादाचा फोन आला. "यमुने, पोरगी जेवून नाही राहिली. मी येऊन राहिलो. तू दुकानात थांबजो."

मी पापड भाजून घेऊन गेले. दादा केतकीचा हात धरून आला, पायरीवरच थांबला. शालिकभाऊ उठले. "या, या. वहिनींचे भाऊ ना तुम्ही? इतक्या वर्षांत आज रस्ता सापडला."

"हो," दादा म्हणाला. त्याने केतकीला पुढे केलं.

"लय कामं असतील," सुमनबाई आतून म्हणाल्या. "बहिणीच्या घराले यायचं म्हणजे नदी ओलांडावी लागते ना. पाणी राहते कधी कधी."

शालिकभाऊंनी तीन बंदुका मांडल्या. पहिली एका गोळीची, मागची दांडी ओढायची आणि सोडायची. दुसरी सहा गोळ्यांची, फिरणाऱ्या चक्रीची, दर वेळी पुढची मूठ मागेपुढे सरकवावी लागते. तिसरी सेलवर चालणारी, खटका दाबून धरला की दहा गोळ्या ओळीने. केतकीचा हात सरळ तिसरीवर गेला.

"थांब," शालिकभाऊ म्हणाले. "तिन्हीले पापड खाऊ घालू. मग तू सांग."

अंगणात त्यांनी पावलं मोजली. पहिल्या बंदुकीने पापड नुसता हलला. "ही तुले लहान झाली," ते म्हणाले. "दोन दिवसांत टाकून देशील." केतकी डाव्या हाताने मारत होती. ते म्हणाले, "डावखुरी आहे का? कोणावर गेली?"

"आबांवर," केतकी आजोबांकडे बोट दाखवून म्हणाली.

दुसरी तिने ओढून पाहिली. मूठ कडक होती पण ओढता आली. दोन पावलांवर पापडाची कड उडाली, पाचवर पापड फिरला आणि राहिला. "मारली की पुन्हा ओढावी लागते," शालिकभाऊ म्हणाले. "तेवढा वेळ समोरच्याले पळाले भेटते. हा हिचा गुण समजजो."

"गुण कसा, बाबा? त्याच्यातच तर तो पळून जाईल."

"तोच गुण."

तिसरी जड होती. शालिकभाऊंनी आठ पावलं मोजून केतकीला उभं केलं. गुरगुर आवाज झाला आणि पापड फुटला. चिमट्यात फक्त नखाएवढा तुकडा राहिला. बाकीचे तुकडे फरशीवर पसरले, एक श्रावणदादाच्या पायावर पडला.

दादा तो तुकडा पाहून राहिला होता. म्हणाला, "शालिकभाऊ, पिवळा सदरा होता तुमचा."

"कोणता सदरा?" सुमनबाईंनी विचारलं. त्या चहाचं विचारायला दारात आल्या होत्या.

"त्या दिवशीचा. मी त्या काठावर होतो. मी मारला आणि हे खाली बसले. बेचाळीस वर्षं झाली. तो माझा होता."

केतकी बंदूक दोन्ही हातांनी धरून उभी होती. सुमनबाईंच्या हातात रिकामं भांडं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "चहा ठेवू की नको, तेवढं सांगा."

"नको," शालिकभाऊ म्हणाले.

त्यांनी केतकीच्या हातातून बंदूक घेतली. तिन्ही बंदुका एकेक करून खोक्यात ठेवल्या, झाकणं लावली. मग माझ्याकडे वळले. "तुमाले माहीत होतं, वहिनी?"

"हो, भाऊ. जामसांवलीची शपथ होती."

"शपथ होती तर बरं केलं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मग दादाला म्हणाले, "पोरीले घरी ने." तोपर्यंत ते तुम्ही म्हणत होते.

केतकी रडत गेली. दुकानाचं शटर दुपारीच पडलं.

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला निघाले तर शालिकभाऊ पुढे चालले होते. सवयीने मी डावीकडे जायला लागले. ते भिंतीकडे सरकले. डावा खांदा भिंतीला घासत चालले. भिंत असली की तिकडून काही येत नाही. तसेच ते चौकापर्यंत गेले, पुढचे सगळे दिवस तसेच गेले. मी चार पावलं मागे राहून चालत असे. वहीत त्या दिवसांत मी तिथीच्या खाली काही लिहिलं नाही.

सुमनबाई एकदा विहिरीजवळ म्हणाल्या, "गोळ्यांवर नावं लिहिणं बंद केलं आहे. मार्कर हातात घेऊन बसून राहतात. मी म्हटलं, आता तर समजलं ना कोणाचा होता, मग कायले बसले? तर म्हणे, तेच तर."

"माझा राग येते का तुमाले?" मी विचारलं.

"येते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पापडावर नाही."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी लेकरं नंदी घेऊन आली, मी त्यांच्या हातावर खाऊ ठेवला. नदीकडून दिवसभर आवाज येत राहिला. शालिकभाऊ त्या दिवशी घराबाहेर निघत नाहीत, या वर्षीही निघाले नाहीत. संध्याकाळी झेंडा चंडीमातेला गेला. मी देवापुढे दिवा लावला आणि काही मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात शालिकभाऊ उभे. हातात कापडी पिशवी. "चला वहिनी. तुमच्या माहेरी जायचं आहे."

मी पदर सावरून निघाले. कोणत्या बाजूने चालावं ते समजेना, म्हणून मागे राहिले. गल्ली संपली, भिंत संपली. पुलाशी आल्यावर ते थांबले. पुलावर त्यांच्या डावीकडून गाड्या येत होत्या. मी त्या बाजूला झाले. ते चालू लागले.

श्रावणदादा अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. पाहून उभा राहिला. शालिकभाऊंनी खाट ओढून घेतली, पिशवीतून खोकं काढलं. सहा गोळ्यांची, चक्रीची. "पोरीले बोलाव."

केतकी दारामागेच होती. तिने खोकं पाहिलं. "तिसरी नाही आणली?"

"तिसरी मी परत पाठवली. ती कोणालेच देत नाही मी. उगा मांडली होती, तुलना करता यावी म्हणून." त्यांनी दोन चष्मे तिच्या हातात दिले. "एक तुझा. दुसरा ज्याले मारशील त्याले आधी घालून देशील, मग मारशील. नाव सांग."

"तुम्हाले माहीत आहे ना, बाबा."

"सांगावं लागते."

"केतकी."

त्यांनी मार्करचं टोपण काढलं. डोळ्याजवळ गोळी धरून, सावकाश, एकेक. केतकी, केतकी, केतकी. अकरा झाल्या. बारावी गोळी आणि मार्कर त्यांनी दादापुढे धरला.

दादाने दोन्ही घेतलं. त्याने मार्कर गोळीला टेकवला, एक काळा ठिपका उमटला, आणि त्याच्याने पुढे झालं नाही.

"राहू दे," शालिकभाऊ म्हणाले. "नाव लिहिलं म्हणजे मारताना हात थोडा थांबते. तेवढ्यासाठी लिहितो मी. मारून झाल्यावर त्या नावाचं काय करायचं, ते मी कधी ठरवलंच नव्हतं. मले वाटे, नाव भेटलं म्हणजे झालं. भेटलं तर हे इतके दिवस जेवण गेलं नाही." त्यांनी गोळी परत घेतली आणि बाकीच्या अकरांत ठेवली. "तूही बेचाळीस वर्षं नीट जेवला नसशील. पाहिलं मी त्या दिवशी. माझ्यापेक्षा म्हातारा दिसून राहिला."

दादा खाटेच्या कडेला बसला. "शालिकभाऊ, मी..."

"माफी नको मागू. गोटमारीत माफी नसते. पण तू येत जा. बहिणीच्या घरी भाऊ येत नाही, हे माझ्या डोळ्यापायी होत होतं, ते मले आत्ता समजलं. ते बरं नाही दिसत."

केतकी त्या ठिपक्याच्या गोळीकडे पाहत होती. "बाबा, ही कोणाची?"

"तूच ठेव," ते म्हणाले. "ही मारू नको."

निघताना दादा आम्हाला पुलापर्यंत सोडायला आला. तो शालिकभाऊंच्या उजवीकडून चालत होता, थोडा मागे. पुलाच्या तोंडाशी तो थांबला. मलाही वाटलं, इथूनच वळेल. जाम नदीत पाणी कमी होतं, पळसाचं झाड कोणीतरी ओढून काठाला टाकलं होतं, त्याची पानं सुकली होती.

शालिकभाऊ उभे राहिले. मी त्यांच्या डावीकडे होते. त्यांनी मला हाताने पुढे व्हायला सांगितलं आणि दादाकडे मान वळवली.

"तिकडून कायले चालतो? डावीकडून चाल. त्या बाजूने मले दिसत नाही."

दादा डावीकडे आला. पूल ओलांडला, बाजार ओलांडला. गल्लीत भिंत सुरू झाली तरी शालिकभाऊ भिंतीकडे सरकले नाहीत. ओट्यावर बसलेल्या लोकांनी पाहिलं.

सुमनबाई दुकानात होत्या. त्यांनी आधी दादाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. या वेळी चहाचं विचारलं नाही. आत गेल्या आणि चहा ठेवला.